पिवळ्या उजेडातले काळे पट्टे

फोन आला तेव्हा मी काटोलच्या बसस्टँडवर उभी होते. मावसबहिणीकडे राहायला गेले होते आणि निघताना तिनं पिशवीभर संत्री माझ्या हातात कोंबली होती. फोन शेजारच्या भाऊजींचा. “वहिनी, सरांची तब्येत जराशी बिघडली. तुम्ही निघा लवकर. घाबरू नका.” हे ‘घाबरू नका’ त्यांनी इतक्यांदा म्हटलं की पुढचं काही विचारायची हिंमतच झाली नाही. बस लागलीच मिळाली. खिडकीजवळ जागाही मिळाली. शेजारी बसलेल्या बाईनं पिशवीकडे पाहत विचारलं, “मंडीतून घेतली का जी?” मी म्हटलं, नाही, बहिणीच्या वाडीतली आहेत. मग या वर्षी फळ गोड आहे की आंबट, यावर मी तिच्याशी चांगली बोलत राहिले, तिला दोन संत्री काढूनही दिली. आत कुठेतरी कळून चुकलं होतं. पण जोवर कोणी तोंडानं सांगत नाही तोवर संत्र्यांवर बोलता येतं, हे मला त्या दिवशी समजलं. घराच्या गल्लीशी रिक्षातून उतरले तर बाहेर चपलाच चपला पडलेल्या. सकाळी आंघोळ करून आले, खुर्चीत बसले आणि बसल्या जागी मान टाकली, असं भाऊजी सांगत होते. दवाखान्यात नेलं, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं… माझे सर गेले होते.

सर म्हणजे माझे यजमान. सारी गल्ली त्यांना सर म्हणायची, दूधवाल्यापासून त्यांच्या सख्ख्या भावापर्यंत. मी आधी चिडवायला म्हणू लागले आणि मग जन्मभर तेच तोंडात बसलं. मुलींच्या शाळेला जोडून असलेल्या ज्युनिअर कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे. मी वीज कंपनीच्या ऑफिसात, बिलाच्या खिडकीमागे. त्यामुळे आमच्या लग्नाची चेष्टा ठरलेली असे. बायको लोकांच्या घरी उजेड पोहोचवते आणि नवरा अंधारी खोली शोधत हिंडतो. लाईट गेली की सर माझ्याकडे असं पाहायचे की जणू खटका मीच खाली ओढला आहे. आम्हाला मूल झालं नाही. त्याचं दुःख होतं, नव्हतं असं कशाला म्हणू? पण दर वर्षी बारावीच्या मुलींचा नवा घोळका घरी यायचा, माझ्या हातचे पोहे संपवायचा आणि परीक्षा झाली की उडून जायचा. त्यात दिवस गेले.

आमचं लग्न झालं तेव्हाची गोष्ट. लोक नवी बायको घेऊन रामटेकला दर्शनाला जातात. हे मला रविवारी दुपारी प्रयोगशाळेत घेऊन गेले. चौकीदाराला चहाला पाठवलं, खिडक्यांवर काळं कापड ओढलं आणि एक दिवा लावला. तो आधी गुलाबी पेटला, मग हळूहळू पिवळा होत गेला, इतका पिवळा की माझं कुंकू, माझा हिरवा चुडा, सगळं काळं पडलं. मी घाबरलेच. सर मात्र आपल्याच नादात. एका लांब लोखंडी पट्टीवर त्यांनी पुढे बारीक फट उभी केली, मध्ये चौकटीत बसवलेला काचेचा एक लोलक, आणि शेवटी डोळा लावायचं भिंग. लोलक साध्या काचेच्या तुकड्यासारखाच दिसतो, पण एका फटीतून आलेला उजेड त्याच्यामुळे दोन फटींतून आल्यासारखा होतो. हे दोन उजेड एकमेकांवर पडले की भिंगात पट्टे दिसतात, एक पिवळा, एक काळा, पुन्हा पिवळा, पुन्हा काळा. मी पाहिले ते. साडीच्या किनारीवरच्या बारीक रेघा असतात तसे उभे आणि सरळ. सर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, “उजेडात उजेड टाकला अन् अंधार झाला, हे आयकून पटते का कोणाले? हे पाहाच लागते.” पुस्तकात याला व्यतिकरण म्हणतात. सरांना तो शब्द फारसा आवडायचा नाही. ते नुसतं ‘पट्टे’ म्हणायचे, घरचं कोणी असावं तसं.

या पट्ट्यांचं त्यांना इतकं वेड का, ते त्याच दिवशी परत येताना त्यांनी सांगितलं. सरांचं गाव भिवापूरकडचं. घरी मिरचीची शेती, तिघं भाऊ, त्यात हेच एकटे शिकायला नागपूरला आलेले. कॉलेजात या प्रयोगाला त्यांना पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते, आणि पट्टे त्यांनी पाहिलेच नव्हते! फट नीट उभी झाली नाही, रांगेत मागे मुलं खोळंबली होती, मग सगळे करतात तेच त्यांनी केलं. उत्तर तर पुस्तकात छापलेलंच असतं. पिवळ्या सोडियम दिव्याची तरंगलांबी पाच हजार आठशे त्र्याण्णव अँगस्ट्रॉम, हे कोणत्याही बारावीच्या पोराला पाठ असतं. उत्तरापासून उलटं गणित करत मागे यायचं, पट्ट्याची रुंदी काढायची, खरं वाटावं म्हणून जागोजाग थोडी चूक पेरायची आणि जर्नलमध्ये सुबक अक्षरात उतरवायचं. याला मुलं ‘रीडिंग बनवणं’ म्हणतात. नागपुरातच कशाला, कुठंही म्हणत असतील. सरांना ते मार्क आयुष्यभर टोचत राहिले. नोकरीला लागल्यावर त्यांनी पहिली सुट्टी त्या अंधाऱ्या खोलीत घालवली आणि संध्याकाळ व्हायच्या आत पट्टे दिसले. मला म्हणाले होते, “रडलो वं मी. एकटाच होतो, म्हणून बरं.”

म्हणून त्यांच्या वर्गात एक रीत होती. मुलीनं भिंगाला डोळा लावायचा आणि जे असेल ते सांगायचं. ‘नाही दिसलं’ हे पूर्ण उत्तर धरलं जायचं. त्याला मार्क कापले जात नसत, कोणी हसलं तर हसणारीला बाहेर काढलं जाई. नाही दिसलं म्हटलं की सर फट पुन्हा लावायचे. स्क्रू केसभर फिरवायचा, विचारायचं, पुन्हा केसभर फिरवायचा. एकेका मुलीपायी दुपार जायची. बाकीचे शिक्षक वैतागायचे, अभ्यासक्रम मागे पडायचा, मी डब्यातली भाजी आंबली म्हणून कटकट करायची. एकदा परीक्षेला आलेल्या पाहुण्या परीक्षकांनी एका मुलीचं उत्तर बरंच चुकलं म्हणून मार्क कापले, तर सर त्यांना म्हणाले, “साहेब, हे चुकलं आहे ते खरं आहे. बाकीच्यांचं बरोबर आहे ते जरा तपासून घ्या.” परीक्षक रागावून चहा न घेता उठले. घरी येऊन सर तो किस्सा मला तीन-तीनदा ऐकवत राहिले आणि मी प्रत्येक वेळी म्हटलं, भांडायची तुम्हाला हौसच आहे.

मग साखर मागे लागली. म्हणजे मधुमेह आधीपासूनच होता आणि संत्रा बर्फीही आधीपासूनच होती. मी डबा धान्याच्या कोठीत लपवायची आणि ते बरोबर शोधून काढायचे, मग माझ्यासमोर निरागस तोंड करून बसायचे. त्याचा राग अजून माझ्या मनातून जात नाही. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण मी रागावते, रोज रागावते… आधी डावा डोळा गेला, मग उजव्यात रक्त उतरलं. इंजेक्शनं झाली, लेझर झालं. शेवटी असं झालं की बाजूबाजूचं दिसायचं, पण जिकडे पाहावं तिथेच मधोमध काळा डाग. माझ्या तोंडाकडे पाहायचं तर ते माझ्या कानाकडे पाहायचे. म्हणजे मग डाग कानावर पडे आणि कडेला मी दिसे. नव्या माणसाला वाटायचं, सर लक्ष देत नाहीत. मला मात्र कळायचं की आत्ता हे मला पाहताहेत. एकदा दिवाळीच्या तयारीत मी पिठाच्या हातांनी उभी होते आणि ते माझ्या कानाकडे टक लावून बसलेले. “काहून पाहून राहिले?” मी विचारलं. म्हणाले, “तुले पाहून राहिलो, कानाले नाही.” अशा वयात असं बोलायचे. आता माझ्या कानाकडे कोणी पाहत नाही.

निवृत्त झाल्यावरही कॉलेजवाले या एका प्रयोगापुरतं सरांना बोलवायचे. नव्या मॅडम चांगल्या, पण त्यांनाही वाटायचं की पट्टे दाखवावेत ते सरांनीच. गेल्या दिवाळीची सुट्टी संपल्यावर असंच बोलावणं आलं. मी ऑफिसला जाताना त्यांना ऑटोनं सोडलं. त्या दिवशी सगळी मांडामांड आपणच करणार, असा सरांनी हट्ट धरला. हातांना सारं पाठ आहे म्हणाले. मॅडमनी मांडू दिलं. मुलींना सरांनी आधीच सांगून टाकलं, “मले आता पट्टे दिसत नाहीत. तुम्ही सांगाल तेच मी मानीन.” आणि एकेक मुलगी भिंगाशी गेली. पहिली म्हणाली, दिसले सर. दुसरी म्हणाली, दिसले. तिसरी म्हणाली, किती सुंदर आहेत सर! सर सांगत होते, आयुष्यात असा दिवस आला नव्हता. एकीलाही ‘नाही’ म्हणावं लागलं नाही, फट फिरवावी लागली नाही. मुलींनी मोजमापं घेतली, रुंदी काढली, गणितं केली. मग सरांनी उत्तरं वाचायला सांगितली. पाच हजार आठशे नव्वद. पाच हजार आठशे पंच्याण्णव. पाच हजार आठशे त्र्याण्णव…

इतकं बरोबर कधीच येत नाही. आमच्या घरी पोहे खाणाऱ्या कोणत्याही मुलीला हे माहीत होतं, मलासुद्धा माहीत होतं. मुली गेल्यावर सामान पेटीत ठेवताना सरांनी बोटांनी चाचपलं. लोलकाच्या चौकटीला एक छोटा स्क्रू असतो, तो वर हवा. तो बाजूला होता. चौकट आडवी बसली होती. त्यांनीच बसवली होती. अशा मांडणीत पट्टे दिसणं शक्यच नाही, कोणालाही नाही. भिंगात त्या दुपारी नुसता पिवळा उजेड होता आणि पोरी एकेक करून येत होत्या, त्या उजेडात पाहत होत्या आणि आंधळ्या मास्तरांना सांगत होत्या, दिसले.

मी संध्याकाळी घरी आले तर सर दिवा न लावता बसलेले. चहाला हात लावला नाही. सगळं सांगितलं आणि म्हणाले, “पोरीईनं मायावर दया केली वं.” मी समजूत घालायला गेले. म्हटलं, प्रेमापोटी केलं हो, तुमचं मन राखायला. तुम्ही इतक्या हौसेनं मांडलं होतं, कोणत्या तोंडानं सांगणार त्या? ते म्हणाले, “तेच तर. तेवढी एक खोली होती जिथं कोणाले कोणाचं मन राखा लागत नव्हतं.” सरांना दुखावलेलं मी अनेकदा पाहिलं आहे, डोळे गेले तेव्हाही पाहिलं आहे. पण असे मोडलेले त्या एकाच संध्याकाळी पाहिले. त्यानंतर मॅडमचा फोन आला तर मला सांगायला लावलं की सरांना बरं नाही. खोटं बोलायला लावलं, सरांनी!

नंतर एका दुपारी वैष्णवी आली. त्याच वर्गातली मुलगी, उमरेडकडची, घरी एके काळी हातमाग होता, आता वडील बस चालवतात. ‘किती सुंदर आहेत सर’ म्हणणारी हीच. चप्पल काढायच्या आधीच दारात उभी राहून म्हणाली, “सर, मले नव्हते दिसले. काहीच नव्हतं दिसलं.” आणि रडायला लागली. मी आतून पाणी घेऊन आले तर सर तिच्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी पाहत होते, म्हणजे तिच्याकडेच पाहत होते. “मंग सुंदर काय होतं वं… सुंदर काय होतं पोरी?” त्यांनी विचारलं. ती नाक पुसत म्हणाली, “तुम्ही खुश दिसून राहिले होते, सर.” सर एकदम हसले. इतके हसले की मला त्यांच्या साखरेची काळजी वाटली, तसा हसण्याचा आणि साखरेचा काही संबंध नसतो म्हणा. मग तिला म्हणाले, “त्या दिवशीचं हे पहिलं खरं रीडिंग. आता पुन्हा मांडू. चौकट तू बसव, स्क्रू मी फिरवतो. अन् नाही दिसलं तर नाहीच म्हणायचं, माया जीव गेला तरी.” बोलायची पद्धत असते, त्यानं काही होत नाही. पण ते वाक्य मला आता सहन होत नाही. पुढच्या आठवड्यातला दिवस ठरला. सरांनी पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. आणि ते इतके बरे दिसत होते म्हणूनच, केवळ म्हणूनच, मी निश्चिंत मनानं काटोलला गेले.

शर्ट इस्त्री होऊन आला तो तेराव्याच्या आसपास. त्या सगळ्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं होतं. भिवापूरचे दीर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “माया भाऊ बोलता बोलता गेला गा, त्याले तरास नाही झाला.” मग माणसं पांगली आणि चौकशा सुरू झाल्या. ऑफिसात, भाजीवाल्याकडे, फोनवर. सावरलात ना? झोप लागते ना? जेवता ना? आणि मी सगळ्यांना हो म्हणते. सावरले. लागते. जेवते. लोक किती मनापासून विचारतात! नाही म्हटलं तर त्या बिचाऱ्यांनी करायचं काय? शिवाय हो म्हटलं की त्यांचा चेहरा सैल होतो, ते पाहून बरं वाटतं. रडायलाही आलं नाही मला. बायका म्हणाल्या, वहिनी खंबीर आहेत. मी तेही मानून घेतलं.

गेल्या रविवारी वैष्णवी मला न्यायला आली. “काकू, आज मांडून राहिलो आम्ही. तुम्ही चला.” मी नको म्हणत होते, पण गेले. सगळ्या मुली होत्या, मॅडमही होत्या. खिडक्यांवर काळं कापड ओढलेलं, दिवा तापून पिवळा झालेला, भिंग पुसून लख्ख केलेलं. चौकट वैष्णवीनंच बसवली होती, स्क्रू वर ठेवून. त्यांच्यातल्या कोणीच अजून पाहिलं नव्हतं, पहिला डोळा काकूंचा, असं ठरवलं होतं म्हणे. मी स्टुलावर बसले आणि भिंगाला डोळा लावला. मागे सगळ्या पोरी श्वास रोखून उभ्या. एकीचा हात माझ्या पाठीवर होता, अगदी हलका. भिंगात नुसता पिवळा उजेड होता. मी नीट पाहिलं, पुन्हा पाहिलं… काही नाही. माझं वय झालं असेल, फट हलली असेल, काय असेल ते असो.

“काकू, दिसले?”

खरं सांगते, ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. किती कष्ट घेतले होते त्यांनी, सुट्टीचा दिवस घालवला होता. मी हो म्हटलं असतं तर सगळ्या मोकळ्या झाल्या असत्या, डोळे पुसले असते, मला घरी पोहोचवून आपापल्या घरी गेल्या असत्या. आणि मला त्या संध्याकाळी दिवा न लावता बसलेला माझा माणूस आठवला.

“नाही वं पोरींनो,” मी म्हटलं, “काहीच नाही दिसून राहिलं.” आणि तो ‘नाही’ तोंडातून निघाला मात्र, त्याच्यामागे सगळेच निघाले. झोप नाही लागत, जेवण नाही जात, घरात पाऊल नाही ठेववत मला, मी नाही सावरले, मुळीच नाही सावरले… मी किती वेळ काय बोलत होते ते मला सांगता येणार नाही. त्या पिवळ्या उजेडात ओक्साबोक्शी रडले, ते गेल्यापासून पहिल्यांदा. कोणी उगी उगी म्हटलं नाही. मॅडमनी दार लोटून घेतलं. माझं रडणं ओसरलं तेव्हा वैष्णवी खाली वाकलेली होती आणि तिची बोटं फटीच्या स्क्रूवर होती.

“आता?” तिनं विचारलं.

“नाही.”

तिनं केसभर फिरवलं. “आता?”

“नाही,” मी म्हटलं, पदरानं डोळा पुसला आणि पुन्हा भिंगाला लावला.